मी, ‘खोली रिकामी आहे’

मी दाराशेजारची पाटी बोलतेय. थांबा, जवळ येण्याआधी तुमचे बूट पाहू द्या. रागावू नका, स्वभावच माझा संशयी. या घराचा गुण लागलाय.

या घराचे मालक ओयगेन ओस्टरटाग यांनी मला तासलं, घासलं आणि हिरव्या रंगात लिहिलं, ‘खोली रिकामी आहे’. दाराशेजारी भक्कम खिळा ठोकून मला अडकवलं. ते जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या पत्नी, गेर्लिंडेबाई, पाहुण्यांसाठीच्या वरच्या दोन खोल्या एकट्याच सांभाळतात.

जर्मनीतलं आमचं हे जुनं गाव बघायला येणारी माणसं मुक्काम कसा ठरवतात, ते मी चाळीस वर्षं पाहतेय. आधी खिडकीतली फुलं बघतात. मग नवरा बायकोला म्हणतो, “तू विचार.” बायको म्हणते, “मीच का दर वेळी?” वर गेले की गादी दाबतात, उशीचा वास घेतात. चर्चची घंटा पाव पाव तासाला वाजते का, असं विचारतात. बाई सरळ सांगतात, “वाजते. रात्रीसुद्धा.” तिकडे बाई त्यांचे बूट आणि पेटीची चाकं तपासत असतात. दोन्हीकडून संशय! पण सकाळी, गरम राहावं म्हणून लोकरीची टोपी घातलेलं उकडलेलं अंडं समोर आलं की सगळे एकदम घरचे होतात.

मग वेशीपाशी नवं हॉटेल झालं. दारावर आकडे दाबायचे आणि आत जायचं, माणूस म्हणून दिसत नाही. आमच्याकडची वर्दळ कमी झाली. ईस्टरला बाईंची मुलगी आल्मुट श्टुटगार्टहून आली आणि तिनं विषय काढलाच.

“आई, पाहुणे येत नाहीत, मग एवढं घर कशाला रेटायचं? माझ्याकडे चल.”

“ऑक्टोबरच्या जत्रेपर्यंत बघू.”

“तोवर कुणीच राहिलं नाही तर येशील? शब्द दे.”

“दिला,” बाई म्हणाल्या. मुलगी गेल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. हे घर सुटलं तर ही बाई टिकायची नाही, हे मला कळत होतं. आणि माझं काय, माझं सरपण.

आता खरं दुखणं सांगते. आमच्या गल्लीत झाडण्याची पाळी असते. चार घरं, मध्ये एक दगडी जिना. ज्याची पाळी, त्याच्या दारावर ‘या आठवड्याची झाडलोट’ अशी मोठी पाटी. शनिवारी झाडून झालं की ती पुढच्याच्या दारावर नेऊन लावायची. मे महिन्यात ती आमच्याकडे आली. दाराच्या नव्या पितळी मुठीवर ओरखडे पडतील म्हणून बाईंनी ती माझ्या खिळ्यावर अडकवली, थेट माझ्या तोंडावर. म्हणे, आठवड्याचा तर प्रश्न आहे.

पुढची पाळी समोरच्या झ्विकची. तो निवृत्त गवंडी, दिवसभर दारापुढच्या बाकावर बसलेला. शनिवारी बाई हातात झाडू घेऊन पुटपुटल्या, “त्याला कशाला द्यायची? कोपरे सोडतो मेला.” आणि पाटी दिलीच नाही. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही तेच. बाई स्वतःच झाडत राहिल्या आणि खाली मी आहे हे साफ विसरल्या.

उन्हाळाभर मी अंधारात. फक्त ऐकायचं. पेट्यांची चाकं खडखडत यायची, झ्विकच्या बाकापाशी थांबायची. काहीतरी बोलणं व्हायचं. चाकं आमच्या दाराकडे वळायची, क्षणभर थांबायची आणि वेशीकडे निघून जायची. माझी खात्री झाली, हा झ्विक हॉटेलवाल्यांचा दलाल! आमचे पाहुणे पळवतोय. मी त्याला रोज मनातून शिव्या घातल्या.

काल, जत्रेच्या आदल्या दिवशी, त्यानंच आमची घंटा वाजवली.

“ओस्टरटागबाई, माझ्यावर राग आहे का?”

“कशाबद्दल?”

“मे महिन्यापासून पाळी देत नाही मला. सगळी गल्ली हसते. शिवाय मी पाहुणे पाठवतो, तर ते दारातून परत! काय करता हो त्यांना? बूट बघून हाकलता?”

“माझ्याकडे? उन्हाळाभर एक माणूस फिरकलेला नाही!”

“सात जणांना पाठवलं. अंड्याचं कौतुक करून पाठवलं! समोर पाटी दिसतेय ना, म्हटलं, तिथं जा. मला लांबून पाटी दिसते, अक्षरं नाही दिसत.”

दोघांनी एकदमच खिळ्याकडे पाहिलं. झ्विकनं वरची पाटी उचलली आणि पाच महिन्यांनी माझ्या अंगावर ऊन आलं.

“अगं बाई,” बाई म्हणाल्या. “म्हणजे मीच पाहुणे परत पाठवले?”

“जिना मात्र लख्ख आहे हो तुमचा,” झ्विक म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी त्याच्या हातातली झाडलोटीची पाटी घेतली, पुसली आणि त्यालाच नीट परत दिली. “न्या. पण कोपरे...” एवढं बोलून ओठ मिटले. मला तर माझीच लाज वाटली. ज्याला दलाल म्हणत होते, तोच एकटा आमच्यासाठी बोलत होता.

त्यानं लगेच जिना झाडला. डावा कोपरा सोडलाच. बाईंनी पडद्याआडून पाहिलं, मुठी आवळल्या, पण बाहेर गेल्या नाहीत.

आज जत्रेचा रविवार. संध्याकाळी आल्मुट येईल, आईनं दिलेला शब्द मागायला. तेव्हा माझं एक ऐका. कुठल्या जुन्या गावात मुक्काम शोधत असाल, तर दारावर काय लटकलंय तेवढंच वाचून परत फिरू नका. घंटा वाजवून विचारा.

थांबा. चाकं वाजताहेत. हॉटेलचीच असणार. नाही, झ्विकच्या बाकापाशी थांबली. इकडेच वळली. दोघं आहेत, म्हातारे. बायको नवऱ्याला म्हणतेय, “तू विचार.” बुटांना ही एवढी माती, जत्रेच्या मैदानातून आलेत मेले.

असू दे माती. वाजवा घंटा.