पत्र्यावरचा नंबर

प्रवीणची एक खोड अन्नपूर्णाबाईला त्याच्या लग्नाआधीपासून डाचत होती. हात आधी चालवायचा, विचारायचं मागून. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात वीस वर्षं लोखंड घासून त्याला वाटायचं, जगात काळं पडलेलं सारं चकचकीत करायलाच आपला जन्म. सुट्टीवर गावी आला आणि शेतातल्या खोपडीत टांगलेला पत्रा यानं काढला. आईला न विचारता.

पत्रा विमानाचा होता. मोठ्या लढाईत अमेरिकेनं बांधून इंग्रजांना दिलेलं ते लढाऊ विमान अहेरीपलीकडच्या जंगलात पडलं, तेव्हा तिचा सासरा पोचू मोहफुलं वेचत होता. आतला गोरा पोरगा पोचूच्या हातचं पाणी पिऊन मेला. पोचूनं त्याला नाल्याकाठी पुरलं, पण दगड उभा करता आला नाही. या गावात आधी मेलेल्याला नावानं हाक मारतात, मगच दगड उभा राहतो. नाव नाही, तर हाक कुणाला? मरताना पोचूनं पत्रा सुनेच्या हवाली केला आणि ती हाकही तिच्यावरच टाकली. परक्या मेलेल्याची वस्तू घरात आणायची नाही, तिचा फोटो काढायचा नाही, म्हणून पत्रा खोपडीतच राहिला.

आज नागपूरहून मदीहाबाई आल्या. लढाईत हरवलेल्या वैमानिकांचा त्या शोध घेत. पत्र्यावर ठोकलेला, काळ्या थराखाली अर्धवटच दिसणारा नंबर त्यांच्या यादीशी जुळला, की नाव निघणार होतं. अन्नपूर्णाबाईनं दगड निवडून, धुऊनही ठेवला होता.

पाहुण्यांपुढे काळं काय ठेवायचं, म्हणून प्रवीणनं पत्रा आलापल्लीला नेऊन ग्राइंडरवर धरला होता. मोठ्या ऐटीत त्यानं तो पुढे केला.

“माय, पाह्य, तोंड दिसते याच्यात.”

मदीहाबाईंनी टॉर्च आडवा धरला, खडूची पूड चोळली, पत्रा उलटासुलटा केला. मग हळूच विचारलं, दुसरा तुकडा आहे का. बाकीचं विमान केव्हाच भंगारात गेलं होतं, कबर पुरानं नेली होती. यादीत अशी विमानं पानंच्या पानं. त्यांनी यादी मिटली आणि जीपकडे गेल्या.

प्रवीण पुटपुटत राहिला, मले काय ठाऊक, मी तं चांगल्यासाठीच केलं.

अन्नपूर्णाबाईनं जीप वळणापार जाऊ दिली.

“माह्या सासऱ्यानं त्याले पाणी पाजलं. मले त्याले हाक द्यायची होती. तू घासून टाकली. मी मेली का माह्या दगडाले हात लावू नोको, प्रवीण. गावातलं कोणीबी लावन.”