गवंडीबाबांचे मंगळवार

हात थकले म्हणून गवंडीबाबांनी काम सोडलं आणि घरात बसून सगळ्यांना वात आणला. नळ का गळतो, दार का करकरतं, दिवसभर एकच धोशा. सून डोंगराखालच्या वस्तीत मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर. फुकट राबायची तयारी असेल तर तिथे कामाला तोटा नाही."

"फुकट राबायची सवय तुझ्या सासूने कधीच लावलीय," म्हणत बाबांनी चपला सरकवल्या.

मंगळवारी तिथे वाकड्या पायांची बाळं यायची. जन्मापासून आत वळलेलं पाऊल डॉक्टरीणबाई हळूच बाहेर वळवून धरायच्या आणि सून त्यावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळायची. दर आठवड्याला नवं प्लास्टर, पाऊल आणखी थोडं सरळ. पण त्या दिवशी पट्टीवर गाठीच गाठी येत होत्या.

दारातून बाबा म्हणाले, "पाणी फार गरम आहे. हात फिरायच्या आत माल आवळून घट्ट होतोय."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही करून दाखवता?"

बाईंनी त्यांच्याकडून आधी एका बाहुलीच्या पायावर करून घेतलं, मग बाळाच्या. बाबांचा तळवा फिरला तसं प्लास्टर अंड्यासारखं गुळगुळीत झालं. त्या दिवसापासून मंगळवार बाबांचा.

दोन्ही पावलं वाकडी असलेली एक छोटी चार आठवडे आली आणि पाचव्या मंगळवारी आलीच नाही. बाबांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ते धापा टाकत डोंगर चढले. घरात प्लास्टरचे तुकडे कोपऱ्यात पडलेले आणि छोटीची आजी दारात पदर खोचून उभी.

"मीच फोडलं," ती म्हणाली. "पोर रात्रंदिवस रडते. माझ्याने बघवत नाही."

बाबा उंबऱ्यावर टेकले. "अर्धी भिंत सोडून जाणाऱ्याला आम्ही गवंडी म्हणत नाही, आजी."

"तुमच्या भिंती रडत नाहीत!"

बाबांनी हात पुढे केले. त्यांनी छोटीला मांडीवर घेतलं, पाऊल ओंजळीत धरलं. "हे बघा. पहिल्या दिवशी तळवा आभाळाकडे होता. आता अंगठा समोर आलाय. एवढं तुमच्या पोरीनेच कमावलंय. ते वाया घालवू नका. मला आणखी सहा मंगळवार द्या. रडली की निरोप धाडा, मी येऊन खेळवतो."

आजीने बराच वेळ ते पाऊल न्याहाळलं. मग म्हणाली, "शब्द फिरवायचा नाही."

बाबांनी फिरवला नाही. त्या सहा आठवड्यांत ते नऊ वेळा डोंगर चढले. पुढे पावलं पुन्हा आत वळू नयेत म्हणून दांडीने जोडलेले बूट आले, तेही आजीने स्वतःच्या हाताने न चुकता चढवले.

वर्षभराने, दवाखान्याच्या ओसरीत, छोटीने आजीचं बोट सोडलं. दोन्ही तळवे फरशीवर सपाट. एक पाऊल, दुसरं, मग थेट बाबांच्या गुडघ्यावर धडक! रांगेतल्या बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. डॉक्टरीणबाई तपासणी सोडून धावत आल्या. बाबा ढसाढसा रडत होते आणि सून हसत होती.

पुढच्या मंगळवारी आजी पुन्हा डोंगर उतरली. मागे तीन बाया, प्रत्येकीच्या कडेवर वाकड्या पायांचं बाळ.

"गवंडीबाबा," तिने फाटकातूनच हाक मारली, "पाणी कोमट ठेवा!"