शकुंतलामधला श

क्षयावर घेतलेल्या इंजेक्शनांनी शकुंतलाबाईंचे कान पस्तिशीतच गेले, पण पुरते नाहीत. ट्रकची घरघर, ढोल, दारावरची थाप त्यांना ऐकू यायची. माणसांचं बोलणं मात्र नुसतं घुमायचं. त्यातले त, श, स कुठेतरी गळून पडायचे. बाई ओठ बघून बाकीचं जुळवून घेत. सांगलीतला त्यांचा संसार वीस वर्षं असाच चालला होता.

१९९८ साली मुंबईत त्यांच्या उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र, इम्प्लांट, बसवलं. डावा कान थोडा बरा होता, म्हणून त्याला हात लावला नाही. जखम भरल्यावर मशीन सुरू केलं. नवरा, चिंतामणराव, समोर बसून काहीतरी बोलले आणि बाईंना पत्र्यावर फुटाणे सांडल्यासारखं ऐकू आलं.

"बंद करा हो हे! डाव्या कानात तुम्ही आहात, उजव्यात भलतंच कुणी बोलतंय."

मशीन लावणारी ऑडिओलॉजिस्ट अश्लेषा समोर बसून सावकाश म्हणाली, "काकू, ऐकतो तो मेंदू. इतकी वर्षं त्याला बारीक आवाज मिळालेच नाहीत. दोन्ही कानांचं एक करायला त्याला वेळ द्या."

मग रोज चहानंतर चिंतामणराव तोंडासमोर पेपर धरून शब्द म्हणू लागले. हळूहळू फुटाणे कमी झाले. कुकरची शिट्टी, किल्ल्या, चिमण्या ओळखू येऊ लागल्या. पण शाळा म्हटलं की बाई सांगत "साळा", शेपू म्हटलं की "सेपू". मशीनला श येतच नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. तक्रार घेऊन दोघं पुन्हा मुंबईला गेले.

अश्लेषाने तोंडापुढे पुठ्ठा धरला. शाळा, साखर, शेपू, साडी. बाईंनी सगळे शब्द बरोबर सांगितले.

"आता काका, तुम्ही म्हणा."

चिंतामणरावांनी पुठ्ठ्याआडून पहिला शब्द म्हटला.

"साळा," बाई लगेच म्हणाल्या.

अश्लेषा घुटमळली. "काका, तुमची कवळी..."

चिंतामणरावांनी मान खाली घातली. "वरचे दात गेल्यापासून श नीट येत नाही. हिला ऐकू येत नव्हतं, मग कशाला सांगायचं?"

"पण मला ऐकू यायचं!" बाई म्हणाल्या. "तुम्ही शकुंतलाच म्हणायचात."

"डाव्या कानाला घुमारा तेवढा मिळत होता," अश्लेषा म्हणाली. "उरलेलं तुमचा मेंदू काकांच्या जुन्या आवाजातून भरत होता."

परतताना साताऱ्याच्या स्टँडवर एसटी चहाला थांबली. चिंतामणराव गप्पच होते.

"बोला ना."

"तुला सगळं कळतं आता. लाज वाटते गं."

"माझ्यापासून कसली लाज? मला हा आवाज शिकायचाय. बोला."

ते बोलले, आधी अडखळत, मग गाडी सुटेपर्यंत.

संक्रांतीच्या सुमारास दोन्ही कान एक झाले. एका दुपारी ओसरीवरून चिंतामणरावांची हाक आली आणि बाई स्वयंपाकघरातून सहज "आले" म्हणाल्या. मग त्या थबकल्या. लग्नानंतरचा, दात असतानाचा नवऱ्याचा आवाज मनात आणू पाहिला. येईना. प्रत्येक वेळी हाच, कवळीतला आवाज पुढे येत होता.

त्या गॅस बंद करून बाहेर आल्या.

"काय झालं?" चिंतामणरावांनी विचारलं.

"तुमचा जुना आवाज आठवेनासा झालाय."

चिंतामणराव जरा विचार करून म्हणाले, "मलाही नाही आठवत."

बाई त्यांच्या शेजारी टेकल्या.