भांडं तापलं की कथील धावतं

बसम्माचं घड्याळ पुन्हा मुकं झालं, तेव्हा कहकशांला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उदगीरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या गल्लीत दोघींच्या घरांची भिंत एकच. साखरेच्या आजारानं बसम्माची नजर गेली, तेव्हा तिच्या लेकानं बिदरहून बोलणारं घड्याळ आणून दिलं. वरचं बटण दाबलं की आतली बाई हिंदीत वेळ सांगायची. बसम्मा एकटी राहायची. औषध कधी घ्यायचं, नळ कधी येणार, सगळं त्या बाईच्या भरवशावर. एकदा ओट्यावरून पडलं आणि बाईचा आवाज बसला तो बसलाच.

कहकशां कपडे शिवायची, पण तिचा जीव रमायचा बिघडलेल्या वस्तूंत. मोबाइलवर बघून बघून तिनं माहेरचा रेडिओ आणि गल्लीतल्या दोन-चार बॅटऱ्या चालू केल्या होत्या. घड्याळ उघडलं तर स्पीकरच्या दोन तारा तेवढ्या सुटलेल्या. तिनं सोल्डरचे दोन डाग दिले, घड्याळ बोललं, बसम्मानं तिच्या तोंडात गूळ घातला. पण चार दिवसांत पुन्हा गप्प. पुन्हा उघडलं, तर एका डागाभोवती हिरवट थर चढलेला. तो खरवडून तिनं सोल्डरिंगच्या सळईचं गरम टोक नेट लावून दाबलं, तशी खालची तांब्याची पट्टीच उचकटून वर आली.

"ऱ्हाऊ दे गं," बसम्मा म्हणाली. "तू हाईस की शेजारी. तुलाच टायम विचारीन."

बसम्मा समजूत घालत होती, पण कहकशांला ते लागलं. कुणाला विचारायची पाळी येऊ नये, म्हणून तर ते घड्याळ होतं.

तिचा नवरा ताहेर आडतीचा माल घेऊन टेम्पोनं लातूरला निघाला, तशी अस्तराचं कापड आणायचं निमित्त काढून तीही पुढं बसली. गंजगोलाईच्या बाजारामागं दीपमालाचं रेडिओ-मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. कहकशांनं पिशवीतून आपली सोल्डरची तार आणि पेस्टची डबी काढून समोर ठेवली.

"ह्यानं सर्किट दुरुस्त करून राहिलात?" दीपमालानं चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "ही जाड तार पत्र्याच्या डब्याला ठीक हाय. आन् ही पेस्ट कुणी दिली?"

"मीच घेतली. आमचे अब्बा कल्हई करायचे. नवसागर टाकला की कथील झकास धरायचं. ही तसलीच वाटली."

"तिथंच गफलत झाली. भांडं जाड असतंय, धुवूनबी टाकता येतंय. ही पट्टी कागदावानी पातळ. पेस्टमधलं तेजाब तिला खात बसतंय."

तिनं एक बारीक तारेचं रीळ पुढं सरकवलं. "साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. पोटातच राळ भरलेली हाय, वरून काही लावायचं न्हाई. बिनशिशाचं बी मिळतंय, पर त्याला आच जास्त लागती. हात बसला की मग घ्या. आता हे घ्या, आन् काम झालं की साबणानं हात धुवा. धूर नाकात जाऊ देऊ नका."

मग एक निकामी सर्किट आणि तापलेली सळई समोर ठेवून ती म्हणाली, "दाखवा बरं, कसं लावता."

कहकशांनं तापल्या टोकावर सोल्डर वितळवलं आणि तो थेंब उचलून तारेवर ठेवला. थेंब नुसता बसून राहिला, राखाडी आणि रुसलेला.

"अब्बा कथील कुठं वितळवायचे?" दीपमालानं विचारलं. "सांडशीवर, का भांड्यावर?"

कहकशांला अब्बांची भट्टी आठवली. भाता, निखारे, सांडशीत गरगर फिरणारं पातेलं. अब्बा त्याला कथलाची कांडी नुसती टेकवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं चांदी पसरत जायची.

"भांड्यावर," ती म्हणाली. "भांडं तापलं की कथील धावतं, म्हणायचे."

"मग?"

कहकशांला हसू आलं. दीपमालानं सांगितलं तसं तिनं काळं झालेलं टोक ओल्या स्पंजावर पुसलं, त्याला जरासं कथील लावलं. ते टोक तिनं तार आणि पट्टी दोघींना एकदमच टेकवलं, दमभर थांबली आणि दुसऱ्या बाजूनं सोल्डर लावलं. ते सरसर धावलं. तारेभोवती छोटा, चकचकीत उतार तयार झाला. बाहेर टेम्पोतून ताहेर हाका मारत होता तरी तिनं आणखी एक डाग दिला, मग अजून एक.

घरी आल्यावर तिनं लगेच घड्याळाला हात लावला नाही. खिडकीशी बसून एका भंगार रेडिओवर हात साफ केला. काही डाग करपले, काही एकमेकांना चिकटले. ते नीट पडायला लागले तेव्हा ती बसम्माकडं गेली. पेस्टचा राहिलेला अंश स्पिरिटनं पुसला. उचकटलेली पट्टी जिथपर्यंत शाबूत होती, तिथला सर्किटचा हिरवा रंग खरवडून तांबं उघडं केलं आणि फाटक्या कापडाला ठिगळ लावावं तशी एक बारीक तार जोडली.

"झालं का?" शेजारी पाट टाकून बसलेल्या बसम्मानं विचारलं.

"बोट द्या अक्का. गार झालंय. ही दुसऱ्या तारेची, माझी जुनी जोडणी, आन् ही नवी."

बसम्मानं आधी एक चाचपली, मग दुसरी. "पयली जोंधळ्याच्या दाण्यावानी, कधीबी निसटंल. हिला उतार हाय. हिचं बूड पक्कं हाय."

मग कहकशांनं जुनी जोडणीही काढून नव्यानं दिली आणि झाकण लावलं. बसम्मानं बटण दाबलं.

"दोपहर के तीन बजे हैं," आतली बाई म्हणाली.

"भाळ छलो! लई चांगलं!" बसम्मा आधी कानडीत, मग मराठीत म्हणाली आणि लगेच पुन्हा बटण दाबलं. तीनच वाजले होते. तिनं पुन्हा विचारलं.

पुढं महिने गेले तरी घड्याळ बोलत राहिलं. एकदा जेवताना भिंतीपलीकडून आवाज आला तसा ताहेरनं घास थांबवला. "बसम्माक्का दिन में कित्ते बार टैम पूछती गे?"

"पूछने दो," कहकशां म्हणाली आणि त्याच्या ताटात अजून भात वाढला.