बेचाळीस पावलं

आत्याच्या रजिस्टरला तीन रकाने आहेत. तारीख, पारा, शेरा. गोष्टही मी त्याच क्रमाने सांगते.

तारीख.

सोमवार, पानगळ संपत आलेली. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर रजिस्टर उघडून बसले होते. रोपवाल्याला संध्याकाळपर्यंत शब्द द्यायचा होता. आजोबांनी लावलेली चेरीची दोनशे झाडं तोडायची आणि द्राक्षं लावायची.

"ताई, हे बघ. नऊ वर्षांत पारा एकदाही उणे दहाच्या खाली गेलेला नाही. त्याखाली गेला तरच वेल मरतो, असं रोपवाला म्हणतो. आणि अक्षर तुझंच आहे."

"अक्षर माझंच आहे," आत्या म्हणाली.

"जग तापतंय म्हणून लोक गळे काढतात. आपल्याला तर लॉटरी लागलीय!"

आत्या चष्मा शोधू लागली. तो तिच्या कपाळावरच होता.

"आज फोन करू नकोस त्याला," ती म्हणाली.

पारा.

चाळीस वर्षं, रोज सकाळी सात वाजता. बाबांच्या लग्नाच्या दिवशी सगळे गाडीत बसून हॉर्न वाजवत होते आणि ही बागेच्या खालच्या टोकाला, खांबावरच्या पांढऱ्या पेटीत डोकं घालून उभी. आत थर्मामीटर. मागच्या दारापासून खांब बेचाळीस पावलांवर. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. पगार यथातथाच, पण दशांश चिन्हाबाबत तिने मुख्याध्यापकांनाही कधी सूट दिली नाही. मी स्वतः शिक्षिका झाले ते बहुधा तिच्याकडे बघूनच, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, "बहुधा म्हणजे किती?"

शेरा.

हा रकाना नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर कोरा आहे. तिथे काहीतरी असायला हवं होतं.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा मी पेटी भिंतीजवळ आणली," आत्या म्हणाली. "दारापासून चार पावलांवर. भिंत रात्रभर ऊब सोडते, आणि खालच्या टोकाला गार हवा साचते. नऊ वर्षं मी आपल्या स्वयंपाकघराचं हवामान लिहितेय. पेटी हलली हे तुम्ही रोज बघता, आकडाही हलला हे मी सांगितलं नाही."

"मग लिहायचं ना तसं!" बाबा म्हणाले.

"सगळ्यांना सांगितलं होतं, मी ठणठणीत आहे. शेरा लिहिला असता तर गुडघाही लिहावा लागला असता."

"तुझ्या गुडघ्यापायी मी दोनशे झाडं कापणार होतो!"

"गुडघ्यापायी नाही रे. लाजेपायी."

बाबांनी रजिस्टर धाडकन मिटलं. रोपवाल्याला मात्र त्यांनी सांगितलं, एक हिवाळा थांब.

पुन्हा पारा, या वेळी दोन.

तिने दुसरं थर्मामीटर आणून जुन्या खांबावर लावलं. मी म्हटलं, मी बघून येते. "तुझी नजर तिरकी पडते, आकडा चुकतो," ती म्हणाली आणि काठी घेऊन निघाली. बेचाळीस पावलांची आता सत्तर झाली होती. येताना मध्येच थांबायची आणि झाड बघत असल्याचं नाटक करायची. हिवाळाभर तिने एक सकाळ चुकवली नाही.

सगळ्यात गार सकाळी भिंतीवर उणे नऊ, खांबावर उणे अकरा.

बाबांनी ते दोन आकडे पुन्हा वाचले. "म्हणजे ऊब वाढलीच नाही?"

"वाढलीय. भिंतीचे दोन अंश वजा केले तरी हिवाळा पूर्वीपेक्षा दीड अंशाने सौम्य झालाय. म्हणून तर चेरी अकरा दिवस आधी फुलते आणि मग उशिराच्या थंडीत मोहोर जळतो. वर भिंतीकडे तुझी द्राक्षं जगतील. खाली मरतील."

"मग हे फायद्याचं की तोट्याचं?"

"त्याला रकाना नाही माझ्याकडे. कुठे उभा आहेस ते सांग, मग आकडा सांगते."

बाबा हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. त्यांनी वरच्या उतारावरची साठ झाडं तोडायची ठरवली. खालच्या एकशे चाळीस झाडांना हात लावला नाही.

शेवटचा शेरा.

जुने आकडे तिने खोडले नाहीत. नऊ वर्षांच्या प्रत्येक पानावर लाल शाईने एकच ओळ लिहिली: पेटी भिंतीजवळ होती, कळवले नाही, चूक माझी.

मग पेटी खांबावर परत गेली. आज सकाळचं पान मी पाहिलं. पारा चार पूर्णांक दोन. आणि शेऱ्यात, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःबद्दल, स्वच्छ अक्षरात: गुडघा दुखतो.