घोंगड्याआडची लाथ

हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. खरं पचवायला पोट दणकट लागतं.

कुंडलच्या बयाबाईच्या डाव्या पायाची कीर्ती पार कवठे महांकाळपर्यंत गेली होती. बाई पायाळू, म्हणजे जन्मतानाच पाय आधी घेऊन आलेली. कुणाच्या कंबरेत उसण भरली की त्यानं शनिवारी सकाळी तिच्या अंगणात पाठ करून उभं राहायचं, तिनं पायानं हलकेच हाणायचं, आणि त्यानं ताठ होऊन घरी जायचं. एकदा चिखलात रुतलेल्या एसटीला तिनं मागून लाथ दिली, तर गाडी थेट विट्याच्या स्टँडवर जाऊन थांबली. ड्रायव्हर इकडं टपरीवर चहाच पीत होता.

पण एवढा गुणाचा पाय घरात असून तिच्या नवऱ्याला, भाऊसोला, त्याचा उपयोग शून्य. बायकोची लाथ नवऱ्यानं खायची कशी? शिवाय भाऊसो फौजेतला हवालदार. बर्फातल्या पहाऱ्याच्या गोष्टी मिशीला पीळ देऊन सांगायचा. खरं तर सगळी नोकरी भांडारात चादरींच्या घड्या घालण्यात गेलेली. घरी मात्र हुकूम असा, की मांजरसुद्धा विचारून दूध प्यायचं.

तर असा हा भाऊसो उसाच्या ट्रॉलीला खांदा लावायला गेला आणि कंबरेत वीज चमकल्यागत जागच्या जागी वाकला. डावा पाय बधिर. बयाबाईनं त्याला धरून सांगलीला नेलं. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला.

"मणक्यातली गादी सरकून नस दाबतीय. ऑपरेशन केलं तर चालाल. तोवर वाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि मावशी, यांना झटका बसता कामा नये. बसला तर दोन्ही पाय जातील."

बयाबाईनं मान डोलावली आणि डोलावताना कळवळली. डोक्यावरून वैरणीचे भारे वाहून वाहून तिची मान कधीची आखडली होती. "डॉक्टरसायेब, माझी बी मान लय..." ती म्हणाली.

"तिचं ऱ्हाऊ द्या," भाऊसो म्हणाला. "तिला सवय हाय."

ऑपरेशनचा दिवस सोमवार ठरला आणि भाऊसोची झोप उडाली. पाठीवर सुरी! डोळे मिटले की त्याला कापलेला फणस दिसायचा. त्यातून शेजारचा नानासो रोज येऊन मीठ चोळायचा.

"आवं हवालदार, गंगा घरात आन् तुमी तहानं मरताय व्हय?"

"बायकोचा पाय लावून घिऊ? गाव त्वांडात शेण घालंल माज्या."

"मग झोपा टेबलावर पालथं. म्हागं बगायचं न्हाई फकस्त. सुरी केवढी असती ते बगून लोक तितंच मरत्यात."

शनिवार उजाडायच्या आत भाऊसोनं डोकं लढवलं. लाथ बायकोची असली, तरी ती कुणाला मारतेय हे तिलाच कळलं नाही, तर पाप कुणाला? नवऱ्याची पत जशीच्या तशी, कंबर सरळ, आणि सोमवारी डॉक्टर बसेल सुरी पुसत.

"ए," तो बयाबाईवर खेकसला, "परक्या गड्यांच्या पाठी बघत लाथा हाणतीस, शोभतं का? आजपास्नं मदी घोंगडं बांधायचं."

तिनं मुकाट्यानं अंगणात दोरी ताणली आणि घोंगडं टाकलं.

"मी दाढी करून येतो," म्हणून भाऊसो घराला वळसा घालून कण्हत कण्हत रांगेत जाऊन उभा राहिला. तोंडावर टॉवेल. बोटानं सगळ्यांना गप्प राहायची खूण. लोकांना हसू आवरेना, पण हवालदाराच्या जिभेला भिऊन कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्यांच्या लाथा हलक्या होत्या. धप, आणि माणूस हसत बाजूला. भाऊसोला धीर आला. उगीच घाबरलो, असली लाथ तर तान्हं पोरही सोसेल. त्याची पाळी आली. त्यानं घोंगड्याला पाठ टेकली, डोळे मिटले आणि वाट पाहिली.

पलीकडं काहीच हालचाल नाही.

आणखी वाट पाहिली.

मग जी बसली! टॉवेल राहिला जागेवर आणि माणूस निघाला. तुळशीवरून, फाटकावरून, रस्त्यावर उभ्या उसाच्या ट्रॉलीवरून तो गेला. वडूजच्या मेंढरांनी माना वर करून बघितलं म्हणतात. पडला तो शेवटी उकिरड्यावर, म्हणून डोकं शाबूत राहिलं. लोक धावले. भाऊसो आपल्याच पायांकडं बघत होता, दुसऱ्या कुणाचे तरी आणून ठेवल्यासारखं.

"पाय हालवा की, हवालदार," नानासो म्हणाला.

"हालवतोयच की रं," भाऊसो म्हणाला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चिरकला.

सांगलीच्या डॉक्टरनं नवा फोटो उजेडाला धरला, भाऊसोकडं पाहिलं आणि ऑपरेशनचं नावही काढलं नाही. आता भाऊसो बाजेवर असतो. हाक मारतो. कधी ओ येते, कधी येत नाही. बयाबाई गळ्याला मऊ पट्टा लावून फिरते, त्याच डॉक्टरला मान दाखवून आली. कूस बदलताना भाऊसो ओरडला की ती त्याला समजावते, "व्हईल सवय."

पण तिला बोल लावू नका हां. गरीब गाय ती. घोंगड्याआड आपलंच कुंकू उभं आहे, हे त्या माउलीला कसं कळावं?

"खोटं!" ऐकणाऱ्यांतली अंबूबाई ताडकन म्हणाली. "बाकी काय बी ठोक गड्या, पर ह्ये न्हाई. रांगेत मी त्येच्या मागंच व्हते, घोंगड्याच्या कडेनं पलीकडचं समदं दिसत व्हतं. तिनं आदी घोंगड्याचं टोक उचललं, वाकून त्येचं पाय नीट बघितलं. मग पार गोठ्यापतूर मागं गेली, पदर खवला, आन् तितनं पळत आली."