परीक्षेनंतरचा कौल

सुर्ल्यातल्या त्या घरावर सध्या झाराचं राज्य होतं. सकाळी पाववाल्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की सिद्धी उठायची आणि चहात उंडा बुडवता बुडवता दुसऱ्या अलेक्झांडरला बाँबने उडवायची. जेवणवेळेपर्यंत तिसरा अलेक्झांडर गादीवर बसून आटोपलेला असायचा. संध्याकाळी खनिजाचे ट्रक थांबले आणि रस्त्यावरची तांबडी धूळ जरा खाली बसली की शेवटचा निकोलस. तिथे मात्र तिचं घोडं अडायचं. गेल्या वर्षी ती इतिहासाच्या याच पेपरात आपटली होती.

अभ्यास नव्हता म्हणून आपटली, असं कुणी म्हणू नये. पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिच्या बापाचा, शंभूचा, टिप्पर खाणीच्या चढावर कलंडला. पोरगी इस्पितळाच्या बाकावरून उठली ती तशीच परीक्षेला जाऊन बसली. काय लिहिलं ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. शंभू पुढे पाय ओढत का होईना गाडीवर बसू लागला, पण पोरीचा पेपर राहिला तो राहिलाच. आता तो सुटला तर बी.ए. पुरं आणि बी.एड.ची वाट मोकळी. नाही सुटला तर शंभूने चोपड्याचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, आणि तो बोलला नाही तरी घरात ते सगळ्यांना माहीत होतं.

सिद्धीच्या आईने, देवकीने, तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं की पोरीचा पेपर होईपर्यंत या घरातलं कुणी इस्पितळाची पायरी चढणार नाही. माणसाने असलं काही ठरवू नये. ठरवलं तरी निदान आपल्या शरीराला त्यात धरू नये.

गाठ तिला न्हाताना लागली. उजव्या छातीत, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून तिने ती मोजदादीतच धरली नाही. सुपारीएवढी झाली तेव्हा बाजाराचं निमित्त करून ती साखळीला गेली आणि डॉक्टरीणबाईंना दाखवून आली. बाईंनी चाचपून पाहिलं. मग काखेत चाचपलं, आणि त्यांचा आवाज हळू झाला.

"बांबोळीक वच. फाल्यांच वच. हें दुखणें अंगार काडपाचें न्हय."

'फाल्यां' म्हणजे उद्या, आणि बांबोळी म्हणजे मोठं सरकारी इस्पितळ. देवकी हो म्हणाली. आणि परतताना घराकडे न वळता सातेरीच्या देवळाकडे वळली.

आपल्याकडे मोठं पाऊल देवीला विचारल्याशिवाय कोण उचलतो? लग्न, विहीर, गाडी, कोर्टकचेरी, सगळ्याला कौल लागतो. गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग माणसं श्वास रोखून बघत बसतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. देवी बोलत नाही. तिच्यापुढे जे ठेवाल त्यालाच ती होय किंवा नको म्हणते.

रामचंद्र गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "सांग बाय, काय विचारूचां?"

"बांबोळीक जावचां आसा," देवकी म्हणाली. कशाला ते तिने सांगितलं नाही, फक्त पोरीच्या परीक्षेची अट घातली. "चेडवाची परीक्षा झाल्यार गेलंय तर चलात मां, इतक्यांच विचार."

गुरवाला वाटलं, कुणा आजाऱ्याला भेटायला जायचं असेल, किंवा शंभूच्या पायाचं काहीतरी असेल. त्याने आपलं नेहमीप्रमाणे आळवून गाऱ्हाणं घातलं. परीक्षा झाल्यावर ही लेक जाईल, तिला यश दे गे माये, आणि आड काही आलं तर दूर सार. "व्हय म्हाराजा," म्हणायला देवळात देवकी एकटीच होती. गाऱ्हाणं संपतंय न संपतंय तोच उजवी पाकळी सुटून खाली पडली.

"उजवो दिल्यान," रामचंद्र म्हणाला. "आता मनात काय धरू नको."

देवकीला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन तिने शिरवाळ्यांचा घाट घातला. शंभूने विचारलं, आज काय सण? ती म्हणाली, सण कशाला होया.

सिद्धीची अभ्यासाची एक रीत होती. पुस्तक इंग्रजीतलं. ते वाचून झालं की ती आईसमोर पाट टाकून बसायची आणि सगळं आपल्या बोलीत सांगायची. आईच्या डोक्यात शिरलं तर आपल्याही शिरलं, असं तिचं गणित. देवकी आडोळीवर नारळ खवत ऐकायची. तिला निकोलस काही आवडायचा नाही. राज्य बुडत चाललंय आणि हा रोजनिशीत हवामान लिहितो. "आमच्या सोयऱ्यांत असो एक आसा," असं ती म्हणायची, आणि कोण ते सिद्धीला विचारावं लागायचं नाही.

राणीची गोष्ट आली त्या दिवशी मात्र तिचा हात थांबला.

"तेंका चार चेडवां आणि एकच झिल," सिद्धी सांगत होती. "पण तेका असो रोग की खरचटलां तरी रगात थांबना नाय. डागदर हरले. मगे तो रास्पुटिन इलो, जोगी की काय तो. तेणां हात फिरवलो की पोराक बरां वाटा. राणी म्हणा, देवानच धाडल्यान. मगे तो सांगात तां करूक लागली."

"आणि पोराच्या रोगाचां?"

"तां कोणाकच सांगूक नाय. मंत्र्यांकय नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांक दिसा इतक्यांच की राणी जोग्याच्या नादाक लागली. तिका नाय नाय तां बोलले. सर म्हणतत, सांगलां असतां तर लोकांका तिची कीव इली असती."

"आवस ती," देवकी म्हणाली. आवस म्हणजे आई. "पोरासाठीच झाकलान मां?"

"पोरासाठीच. पण पोर खय वाचलां? सगळ्यांकाच गोळ्ये घातले." सिद्धीने वहीचं पान उलटलं. "हो प्रश्न धा मार्कांचो. येतलोच."

देवकीने खोबरं तसंच टाकलं आणि चुलीकडे गेली. मनात आलं, आत्ताच सांगावं. पण पोरीने पुढचं पान काढलं होतं, ओठ हलत होते, आणि गेल्या वर्षीचं तिचं ते तोंड देवकीच्या डोळ्यांसमोर आलं. थोडेच दिवस राहिलेत, असं तिने स्वतःला बजावलं. शिवाय देवीचा कौल होता.

मग एका दुपारी ऑक्टोबर क्रांती आली. ती नोव्हेंबरात झाली हे ऐकून देवकीला पहिल्यांदा हसू फुटलं.

"तेंचां कॅलेंडर मागे होतां गे," सिद्धी म्हणाली. "सगळ्या जगात नोव्हेंबर लागलो तरी तेंच्याकडे ऑक्टोबरच चललेलो. मागीर लेनिनान तां बदललान."

"कागदार तारीख बदलली म्हणान झाड फुलाचां थांबता काय?"

तेवढ्यात सिद्धीचा फोन वाजला. कॉलेजच्या गटावर निरोप आला होता. निवडणूक लागल्यामुळे परीक्षा पुढे ढकलली, नवी तारीख मागाहून कळेल. सिद्धीने फोन छातीशी धरला. "बरां झालां गे आई. माका निकोलस परत करूक गावतलो."

देवकीने नारळ पुढे ओढला. तिचा उजवा हात खांद्यापासून जड झाला होता. नारळ ती आता डाव्या हाताने खवायची आणि निम्मं खोबरं करवंटीलाच राहायचं. पोरगी घरात होती, समोर होती, तरी तिला ते दिसलं नाही. तिचा तरी काय दोष? तिच्या डोळ्यांसमोर पेत्रोग्राडच्या पावाच्या रांगा होत्या.

देवकी पुन्हा देवळात गेली. "परत एकदा लावशीत पाकळी?" तिने विचारलं. "आताच गेलंय तर कसां, म्हणान."

रामचंद्राने हात जोडले. "दिलेलो कौल मोडूचो नसता, बाय. परीक्षा झाल्यार म्हणान तूच विचारलंस, आणि तिणां होय म्हटल्यान. आता परीक्षा होवंदे. इतकी काय घाई?"

घाई काय ते सांगायला देवकीने तोंड उघडलंही होतं. सांगितलं असतं तर गुरवानेच तिला ओढत बांबोळीला नेलं असतं, तो काही वाईट माणूस नव्हता. पण गुरवाला कळलं की गावाला कळणार, आणि गावाला कळलं की सिद्धीला. देवकीने तीर्थ घेतलं आणि घरी आली. देवीचा शब्द मोडायचं तिला भय होतं, आणि खरं सांगायचं तर त्या भयाचा तिला आधारही होता. देवीचा शब्द आहे म्हटलं की आपल्याला काही ठरवावं लागत नाही.

परीक्षा झाली तेव्हा आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या धरल्या होत्या. सिद्धी बसमधून उतरली ती उड्या मारतच. राणीचा आणि रास्पुटिनचा प्रश्न आला होता. "पुरवणी घेतलंय गे," ती म्हणाली. "सरांनी सांगूक नाय तांय लिवलंय. तुजा तां, आवस ती म्हणान, तांय घातलंय."

देवकीने तिला जेवू दिलं. ताट उचललं. मग तिच्यासमोर बसून पदर बाजूला केला आणि पोरीचा हात धरून गाठीवर ठेवला.

सिद्धीचा हात तिथेच राहिला.  मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटत होतं.

"केदनासून?" तिने विचारलं.

"परीक्षेची पयली तारीख लागूच्या आदी."

"म्हणजे मी तुका राणीची गोष्ट सांगी तेन्ना होती?"

"होती."

"आणि तू गप बसलंस."

"देवीक विचारलंय मां गे. उजवो दिल्यान."

"काय म्हणान विचारलंस?"

देवकीने सांगितलं. जसं विचारलं होतं तसंच, शब्दाला शब्द. सांगताना तिला स्वतःलाच ते नव्याने ऐकू आलं.

"आई," सिद्धी हळू म्हणाली, "आज जाव काय, असां तू तिका विचारूकच नाय."

 हा प्रश्न देवकीला तेव्हा देवळात सुचला नव्हता असं नाही, फक्त तिने तो मनातून पुढे येऊ दिला नव्हता. पोरीचा चेहरा बघून तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि ती मरणाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने दोघी निघाल्या. बांबोळीला डॉक्टर तरुण होता, पोरीपेक्षा काही वर्षांनीच मोठा असेल. त्याने तपासलं, काखेत तपासलं, हात वर उचलायला सांगितला. देवकीचा हात खांद्याच्या वर गेला नाही. त्याने पेन खाली ठेवलं.

"गांठ केन्ना लागली?"

देवकीने सांगितलं.

"आनी इतले दीस कित्याक रावल्यात?" तो रागावला नव्हता, इतके दिवस का थांबायचं ते त्याला खरोखरच समजत नव्हतं. "तेन्नाच आयिल्ल्यो जाल्यार..." पुढचं त्याने गिळलं.

देवकी सांगणार होती की घरी काम होतं, धनी ट्रकवर असतात, कुणी सोबतीला नव्हतं. वाटेवर बसमध्ये तिने ते सगळं जुळवून ठेवलं होतं. आपल्या दुखण्याचं ओझं तर तिला पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं. एवढ्याचसाठी तिने ते इतके दिवस पदराखाली वागवलं होतं.

पण तिच्या आधी सिद्धी बोलली.

"माजी परीक्षा होती," ती म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग देवकीकडे, आणि तपासणीचा कागद पुढे ओढला. देवकीने डाव्या हाताने पोरीचा हात शोधला. सिद्धीने तो धरू दिला, पण मान वर केली नाही.